इटालियन शिकायचंय, तेही नागपुरात बसून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी इटालियन शिकायला लागले. आता ज्युनिअर मुलं-मुली भेटली की फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. खालचे सगळे इटालियन शब्द मुद्दाम देवनागरीत लिहिलेत. रोमन अक्षरं दिसली की आपली जीभ आपोआप इंग्रजीकडे वळते, आणि नवशिक्यांच्या निम्म्या चुका तिथूनच सुरू होतात. स्पेलिंग नंतर शिकालच.

फ्रेंच, जर्मन सोडून इटालियनच का?

फक्त नोकरीसाठी भाषा शिकायची असेल तर जर्मन किंवा जपानी घ्या, मी अडवणार नाही. इटालियन राष्ट्रीय पातळीवर अधिकृत आहे ती इटली, स्वित्झर्लंड, सान मारिनो आणि व्हॅटिकन एवढ्याच ठिकाणी. पण आर्किटेक्चर, डिझाइन, संगीत, जुन्या वास्तूंचं संवर्धन यांतलं काही शिकत असाल, किंवा मास्टर्सला इटलीत जायचा विचार असेल, तर ही भाषा कामाची आहे. आणि नुसती आवड म्हणून शिकायची असेल तर कारण कुणाला सांगत बसू नका. घरी मात्र काहीतरी सांगावं लागतं. मी ‘स्कॉलरशिप मिळते’ एवढंच सांगितलं होतं.

नागपुरात क्लास मिळेल का?

मी शोधलं तेव्हा फ्रेंच आणि जर्मनचे बोर्ड धरमपेठेत दिसले, इटालियनचा शिक्षक काही मला सापडला नाही. इटालियन सरकारची सांस्कृतिक केंद्रं दिल्ली आणि मुंबईत आहेत, म्हणजे आपल्यासाठी रात्रभराचा रेल्वेप्रवास. तेव्हा ऑनलाइन शिकण्याला पर्याय नाही, असं धरून चाला.

शिक्षक इटलीत बसलेला असेल तर घड्याळाचं एक लक्षात ठेवा. हिवाळ्यात आपण त्यांच्या साडेचार तास पुढे असतो आणि उन्हाळ्यात साडेतीन. मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर पुढे सरकतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. मला हे ठाऊक नव्हतं. त्यांच्या संध्याकाळी सहाचा क्लास आमच्याकडे रात्री साडेदहाला असायचा. मार्चअखेरच्या सोमवारी मी नेहमीसारखी साडेदहाला लॅपटॉप उघडून बसले, तर सगळे एकमेकांना ‘चाओ’ करून निघत होते.

माझं इंग्रजी कच्चं आहे. जमेल का?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण उत्तर उलटं आहे. इंग्रजी पक्कं असलेलीच मुलं सुरुवातीला जास्त अडखळतात. ती प्रत्येक वाक्य आधी इंग्रजीत जुळवतात आणि मग इटालियनमध्ये ओततात. तुम्ही मराठीतूनच जा, वाट जवळची पडते.

‘मला कॉफी आवडते’ हे वाक्य घ्या. इटालियनमध्ये ‘मी पियाचे इल काफ्फे’. इथला ‘मी’ म्हणजे आपला ‘मला’. कॉफी हा कर्ता, आणि ती ‘मला’ आवडते. बांधणी हुबेहूब मराठीची. पुस्तकं आवडत असतील तर आपण ‘आवडतात’ म्हणतो, आणि तेही क्रियापद बदलून ‘मी पियाच्चोनो इ लीब्री’ म्हणतात. इंग्रजीतून येणाऱ्याला हे पचायला महिना लागतो. मराठी माणसाला पाच मिनिटं पुरतात. (‘मी पियाचे’ पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं कुणी बाई पूर्वी काहीतरी प्यायची, ते सांगतेय.)

दुसरी गोष्ट म्हणजे, कर्ता बोलावाच लागत नाही. आपण ‘उद्या येते’ म्हणतो, त्यात ‘मी’ कुठे आहे? तेही ‘दोमानी वेंगो’ म्हणून मोकळे होतात. शिवाय दोन्हीकडे साधा वर्तमानकाळच उद्याचं काम करतो. प्रश्न विचारायला शब्दांची उलटापालट नाही. ‘येतेस’ आणि ‘येतेस?’ यांत जेवढा फरक, तेवढाच ‘व्येनी’ आणि ‘व्येनी?’ यांत. सूर चढवला की झालं.

भूक मात्र वेगळी लागते. ते म्हणतात ‘ओ फामे’, म्हणजे शब्दशः ‘माझ्याकडे भूक आहे’. तहान, झोप, घाई, भीती सगळं असंच ‘जवळ असतं’. वयसुद्धा. इंग्रजीच्या सवयीनं ‘सोनो फामे’ म्हणालात तर ‘मी भूक आहे’ असा अर्थ होतो.

उच्चार कठीण आहेत का?

नाहीत, आपल्याला तर नाहीतच. त्यांचा त आपल्या ‘ताक’मधला आणि द ‘दही’मधला. ट आणि ड विसरा. ‘टुट्टो’ नाही, ‘तुत्तो’. फ, थ, ख असा श्वास सोडायची गरज नाही, प-त-क कोरडे ठेवायचे.

मूळ वर्णमालेत अक्षरं २१ आहेत. जे, के, डब्ल्यू, एक्स, वाय ही फक्त बाहेरून आलेल्या शब्दांत दिसतात. नियम थोडेच आहेत, पण ते मोडायचे नाहीत. सी-पुढे ई किंवा आय आलं की च, मध्ये एच घुसला की क. जी-चंही तसंच, आधी ज, एच आला की ग. एच स्वतः मुका. जी-एन म्हणजे ‘न्य’, आणि जी-एल-आय म्हणजे साधारण ‘कल्याण’मधला ल्य. आता कॅफेतलं मेन्यूकार्ड घ्या. ‘ब्रुशेटा’ नाही, ‘ब्रुस्केत्ता’. ‘ग्नोची’ नाही, ‘न्योक्की’. आणि ‘पानीनी’ हे अनेकवचन आहे. एकच हवं असेल तर ‘पानीनो’. काउंटरवर मात्र हे सुधारत बसू नका, पानीनीच मागा आणि खा.

खरी गंमत जोडाक्षरांत आहे. ‘पाला’ आणि ‘पाल्ला’ यांत फावडं आणि चेंडू एवढा फरक आहे. ‘सेते’ म्हणजे तहान, ‘सेत्ते’ म्हणजे सात. ‘नोनो’ म्हणजे नववा, ‘नोन्नो’ म्हणजे आजोबा. इंग्रजी कानाला हा फरक ऐकूच येत नाही. आपल्याला ‘पता’ आणि ‘पत्ता’, ‘कला’ आणि ‘कल्ला’ लहानपणापासून वेगळे ऐकायची सवय आहे. तरीही मी घसरलेच. ‘आन्नी’ म्हणजे वर्षं. पहिल्याच आठवड्यात क्लासच्या चॅटवर वय लिहिताना मी घाईत त्यातला एक एन खाल्ला. ‘आनी’ हे शरीराच्या एका अशा जागेचं अनेकवचन आहे, जी माणसाला एकच असते. माझ्याकडे त्या एकोणीस असल्याचं मी लिहून कळवलं होतं. बाईंनी शांतपणे ‘दोन एन’ एवढंच लिहिलं.

नागपूरकरांसाठी एक खास सूचना. एप्रिल-मेमध्ये कूलर चालू ठेवून ऐकण्याचा सराव करू नका. त्या घरघरीत पहिलं जोडाक्षरच मरतं. एकतर चांगले हेडफोन घ्या, नाहीतर पहाटे कूलर बंद करून अर्धा तास बसा.

लिंग कसं ओळखायचं?

तक्रार करू नका, आपल्याकडे तीन आहेत, त्यांच्याकडे दोनच. ओ-कारान्त बहुतेक पुल्लिंगी, आ-कारान्त बहुतेक स्त्रीलिंगी. अनेकवचनात ओ-चा ई होतो आणि आ-चा ए. विशेषणही सोबत बदलतं: ‘बुओनो, बुओना, बुओनी, बुओने’. ‘चांगला, चांगली, चांगले, चांगल्या’ म्हणणाऱ्याला यात नवीन काय?

घोटाळा होतो तो मराठीचं लिंग तिथे नेल्यावर. आपला चंद्र पुरुष, त्यांची ‘लूना’ बाई. आपली नदी बाई, त्यांचा ‘फ्यूमे’ पुरुष. आणि अपवाद आहेतच: ‘मानो’ म्हणजे हात, शेवटी ओ असून स्त्रीलिंगी. ‘प्रोब्लेमा’ शेवटी आ असून पुल्लिंगी. ए-कारान्त शब्द दोन्हीकडचे असतात. उपाय एकच, शब्द कधीही एकटा पाठ करायचा नाही. ‘मानो’ नाही, ‘ला मानो’ असंच वहीत लिहायचं.

मग कठीण काय आहे?

आर्टिकल. आपल्याकडे ही भानगडच नाही, म्हणून मराठी इथे काहीच मदत करत नाही. इंग्रजीत ‘द’ एकच. इटालियनमध्ये त्याची सात रूपं आहेत: इल, लो, ला, आणि स्वरापुढे नुसता ल्. अनेकवचनात इ, ल्यि, ले. यातला ‘लो’ सगळ्यांना छळतो. तो पुल्लिंगी शब्दाच्या सुरुवातीला स आणि पुढे दुसरं व्यंजन असेल तर लागतो, शिवाय झेड किंवा जी-एन असेल तरी लागतो. म्हणून ‘इल लीब्रो’ पण ‘लो स्तुदेन्ते’, ‘इल पाने’ पण ‘लो झुक्केरो’. नियम म्हणून डोक्यात बसत नाही, पण पन्नास वेळा मोठ्यानं म्हटलं की जीभच ‘इल स्तुदेन्ते’ म्हणायला नकार देते. ‘इल’नंतर ‘स्त’ म्हणून बघा, अडखळायला होतं. नियम त्या अडखळण्यातूनच आला असावा, असं मला वाटतं.

यावर कडी म्हणजे शब्दयोगी अव्यय आधी येतं आणि आर्टिकलला चिकटतं. ‘इन’ आणि ‘इल’ मिळून ‘नेल’, ‘दी’ आणि ‘ला’ मिळून ‘देल्ला’. हा तक्ता भिंतीवर लावा. मी कपाटाच्या आत लावला होता, तिथे तो दिवसातून दोनदा दिसायचा.

‘काय करून राहिला बे?’ हे इटालियनमध्ये कसं म्हणायचं?

‘के स्ताई फाचेन्दो?’

हा प्रश्न कुणी थट्टेत विचारला होता, पण पुण्याच्या मुलांपेक्षा आपण एक पाऊल पुढे आहोत ते इथेच. प्रमाण मराठीत ‘करतोय’. वऱ्हाड-नागपुरात ‘करून राहिलो’. इटालियन चालू काळ अगदी असाच बनवतात. ‘स्तारे’ म्हणजे राहणं, असणं, आणि त्याला जोडून मुख्य क्रियापदाचं ‘-आन्दो’ किंवा ‘-एन्दो’ असं रूप. ‘स्तो मान्जान्दो’ म्हणजे ‘जेवून राहिलो’. ‘स्ता दोर्मेन्दो’, ‘झोपून राहिला’. ‘स्त्यामो पार्तेन्दो’, ‘निघून राहिलो’. शाळेत ज्या बोलीसाठी मास्तरांनी टोकलं, तिनं माझा हा धडा एका संध्याकाळीत संपवून दिला.

फक्त एक जपा. आपण ‘करून राहिलो’ उठसूट वापरतो, ते तितकं वापरत नाहीत. ‘के फाई?’ एवढ्या साध्या वर्तमानकाळानंही तेच काम होतं. आणि ‘उद्या पुण्याला जाऊन राहिलो’ असं भविष्यासाठी ‘स्तो’ लावू नका, तिथे ते चालत नाही.

भूतकाळ ए-वनला, म्हणजे सगळ्यात पहिल्या पातळीला, येतो का?

शेवटी शेवटी येतो, आणि तिथे इंग्रजी माध्यमवाल्यांची दांडी गुल होते. बाई असेल तर ‘सोनो आन्दाता’, पुरुष असेल तर ‘सोनो आन्दातो’. आपलं ‘मी गेले’ आणि ‘मी गेलो’. सकर्मक क्रियापदाला ‘आवेरे’ हे दुसरं सहायक लागतं. आता बघा. ‘चिठ्ठी?’ ‘वाचली.’ ‘पुस्तक?’ ‘वाचलं.’ क्रियापद कर्माच्या मागे गेलं, वाचणारा कोण याच्याशी त्याला देणंघेणं नाही. इटालियनमध्येही कर्माचं सर्वनाम आधी आलं की तेच होतं. ‘लेत्तेरा’ स्त्रीलिंगी म्हणून ‘लो लेत्ता’. ‘लीब्रो’ पुल्लिंगी म्हणून ‘लो लेत्तो’. (हा ‘लो’ वरचा आर्टिकलवाला नव्हे. सर्वनामाचा ल् आणि ‘ओ’ जोडून झालेला आहे.) कर्म नंतर आलं तर मात्र रूप बदलत नाही, ‘ओ लेत्तो ला लेत्तेरा’. तेवढं त्यांचं वेगळं.

‘चाओ’ कुणालाही म्हटलं तर चालतं का?

नाही. ‘चाओ’ हे मित्रांसाठी. हा शब्द व्हेनिसच्या बोलीतून आला आणि मूळ अर्थ ‘आपला दास’ असा होता, पण आता त्यात दास्य उरलेलं नाही. प्राध्यापक, दुकानदार, अनोळखी वयस्कर माणूस यांना ‘ब्वोनज्योर्नो’ म्हणा. दुपारनंतर ‘ब्वोनासेरा’.

आपल्या तू आणि आपणसारखेच ‘तू’ आणि ‘लेई’. त्यांचा ‘तू’ म्हणजे खरोखरच तू. ‘लेई’चा मूळ अर्थ ‘ती’, पण समोर मिशीवाले गृहस्थ असले तरी आदरानं ‘लेई’च म्हणायचं आणि क्रियापद तृतीयपुरुषी एकवचनी ठेवायचं. आदरासाठी आपल्याला अनेकवचन लावायची सवय, त्यामुळे सुरुवातीला फार उद्धट बोलतोय असं वाटत राहतं. ‘कोमे स्ताई?’ मित्राला, ‘कोमे स्ता?’ सरांना.

शब्द लक्षात राहत नाहीत. काय करू?

आधी घरात शोधा. पोर्तुगीजांनी चारशे वर्षं कोकण किनाऱ्यावर राहून मराठीत बरेच शब्द सोडले, आणि पोर्तुगीज ही इटालियनची सख्खी बहीण. म्हणून पगार म्हटलं की ‘पागारे’, पैसे देणं. चावी म्हणजे ‘क्यावे’. साबण म्हणजे ‘सापोने’. पाव म्हणजे ‘पाने’. बटाटा म्हणजे ‘पाताता’. घरी भिंत बांधायला येतो तो मिस्त्री आणि शाळेतला ‘माएस्त्रो’ हे एकाच कुळातले. हिंदीतला ‘कमरा’ पोर्तुगीजमार्गे आला, आणि इटालियनमध्ये ‘कामेरा’ म्हणजे खोली. फोटोचा कॅमेरा नव्हे.

वार तर पाठ करायचीच गरज नाही. ‘लुनेदी’ चंद्राचा म्हणजे सोमवार, ‘मार्तेदी’ मंगळाचा, ‘मेर्कोलेदी’ बुधाचा, ‘जोवेदी’ गुरूचा, ‘वेनेर्दी’ शुक्राचा. ग्रह तेच, क्रमही तोच. फक्त शनिवार-रविवारी त्यांचा धर्म आडवा आला: ‘साबातो’ आणि ‘दोमेनिका’.

आकडे आपल्यापेक्षा सोपे. एकोणसाठ की एकोणसत्तर या गोंधळातून जो मराठी मुलगा पार झाला, त्याला वीसनंतर ‘वेन्ती’ला एक-दोन जोडत जायचं म्हणजे काहीच नाही. मी मेट्रोत सराव करायचे. लोकमान्यनगरहून सीताबर्डीला येताना बाहेर दिसणाऱ्या गाड्यांचे नंबर मनात इटालियनमध्ये वाचायचे. शंकरनगर येईपर्यंत डोकं तापायचं.

नात्यांत मात्र त्यांची गरिबी दिसते. काका, मामा, आत्याचे यजमान, मावशीचे यजमान, सगळे ‘झीओ’. ‘निपोते’ म्हणजे भाचा, पुतण्या, नातू, आणि भाची, पुतणी, नातसुद्धा. आमच्या आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘मग लग्नात आहेर कुणी कुणाला करायचा?’

मोबाइलवरचं अ‍ॅप पुरेसं आहे का?

शब्द वाढवायला ठीक आहे. बोलायला नाही. शिवाय बहुतेक अ‍ॅप इंग्रजीतून शिकवतात, त्याचा तोटा वर सांगितलाच.

किती दिवस लागतील? सेमिस्टर सांभाळून होईल का?

रोज पाऊण तास देऊन ए-वन पातळी संपवायला मला साधारण पाच महिने लागले. त्यात विंटर परीक्षेचे सहा आठवडे वही उघडलीसुद्धा नाही, आणि परत सुरू केलं तेव्हा आर्टिकलं सगळी धुऊन निघाली होती. म्हणून परीक्षेच्या काळातही रोज दहा मिनिटं तरी इटालियन रेडिओ कानावर पडू द्या. ‘राय’ या त्यांच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या बातम्या चालतील. समजलं नाही तरी चालेल, सूर टिकतो.

परीक्षा कोणती द्यायची?

मान्यता असलेल्या परीक्षांत ‘चिल्स’ सिएनाच्या विद्यापीठाची, ‘चेली’ पेरुजाच्या विद्यापीठाची आणि ‘प्लीदा’ ही १८८९ साली स्थापन झालेल्या दान्ते आलिग्येरी सोसायटीची. ही दोन्ही विद्यापीठं खास परदेशी विद्यार्थ्यांसाठीची आहेत. पातळ्या सगळीकडे त्याच: ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू, सी-वन, सी-टू. ए-वनचं प्रमाणपत्र घेऊन कुठे फारसं काही मिळत नाही. स्वतःला धक्का द्यायला हवा असेल तर द्या, नाहीतर फीचे पैसे बी-वनसाठी राखून ठेवा. इटालियन माध्यमातून पदवी करायची असेल तर विद्यापीठं साधारणपणे बी-टू मागतात.

मास्टर्स इंग्रजीतूनच आहे. मग इटालियन कशाला?

वर्गात लागणार नाही. वर्गाबाहेर पहिल्याच आठवड्यात लागेल. इटलीत उतरल्यावर कामाच्या आठ दिवसांच्या आत ‘पेर्मेस्सो दी सोज्योर्नो’ म्हणजे राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज करायचा असतो, आणि तो पोस्टातून जातो. पोस्टातला माणूस इंग्रजी बोलेलच असं नाही. ‘कोदिचे फिस्काले’ हा सोळा अक्षरी नंबर घर भाड्यानं घेण्यापासून बँकेपर्यंत सगळीकडे मागतात. घरमालकीणबाईंशी कचऱ्याच्या डब्यांवरून बोलायला ए-टू तरी हवीच.

जाण्याआधीचा अर्ज ‘युनिव्हर्सिटाली’ पोर्टलवरून होतो. तिथले गुण पाहून दचकू नका. प्रत्येक विषय तीसपैकी असतो, अठराला पास. पदवीचा शेवटचा निकाल ११० पैकी. तोंडी परीक्षा भरपूर असतात, आपल्यासारखं पुरवण्या जोडत तीन तास लिहायचं नसतं.

आणि कॉफीच्या दुकानाला तिथे ‘बार’ म्हणतात. घरी फोनवर ‘रोज सकाळी बारमध्ये जाते’ असं सांगू नका. तिथे ‘लात्ते’ मागितलंत तर पेलाभर दूध मिळेल, कारण लात्ते म्हणजे दूधच.

नागपूरच्या संत्र्याला इटालियनमध्ये काय म्हणतात?

शब्दकोशात ‘आरान्चा’ सापडेल. हा शब्द मूळचा आपल्याकडचाच. संस्कृत ‘नारंग’ फारसीत गेला, तिथून अरबीत, आणि अरबांकडून इटलीत. वाटेत सुरुवातीचा न त्यांनी ‘उना’ या आर्टिकलमध्ये हरवला. आपल्या ‘नारिंगी’त तो अजून आहे. फळ स्त्रीलिंगी ‘आरान्चा’, झाड पुल्लिंगी ‘आरान्चो’. सफरचंद ‘मेला’, त्याचं झाड ‘मेलो’.

पण सिसिलीतली आरान्चा ही घट्ट सालीची, सुरीनं कापायची असते. नागपुरी संत्रा हाताने सोलतो, फोडी सुट्या होतात, आणि वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं तो मँडरिन गटातला. तेव्हा तिथल्या बाजारात आपल्यासारखं फळ हवं असेल तर ‘मान्दारीनो’ मागा. किलोभर हवी असतील तर ‘उन कीलो दी मान्दारीनी, पेर फावोरे’.

संत्रा बर्फीला मात्र मला अजून शब्द सापडलेला नाही. शिक्षिकेला डबा पाठवला होता, तिने ‘बार्फी’ असंच लिहून कळवलं, आणि पुढे विचारलं होतं की हे स्त्रीलिंगी आहे की पुल्लिंगी.